पिवळ्या दिव्यातला बिघाड

३ मार्च, सोमवार

कानाच्या डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. रोज कोणता आवाज ऐकू आला आणि कोणता आला नाही, ते लिहायचं आणि सहा आठवड्यांनी दाखवायचं. जो आवाज ऐकूच आला नाही, तो आला नाही हे मला कसं कळणार, असं मी विचारलं. ते हसले आणि काहीतरी बोलले. ते मला ऐकू आलं नाही. पहिली नोंद तीच.

दुसरी नोंद: किटलीची शिट्टी गेली. तिसरी: बायको समोर असली आणि ओठ दिसले तर कळतं, पाठमोरी असली तर नाही. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली आहेत, त्यामुळे पुष्कळसं न ऐकताही कळतं.

कानात घालायचं यंत्र मी तूर्त नको म्हणालो. माझं रेडिओ, टेप, ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. आवाज दुरुस्त करणाऱ्याच्याच कानात यंत्र दिसलं की गिऱ्हाईक आल्या पावली परत. आणि हे काम सुटलं तर मला दुसरं काहीही येत नाही. म्हणून ही गोष्ट तिघांनाच माहीत आहे: डॉक्टर, बायको आणि धाकटा भाऊ.

दुकान टिकलंय ते धाकट्यामुळे. मी भिंतीकडे तोंड करून काम करतो, कारण खिडकीचा उजेड तिथे पडतो. काउंटर माझ्या पाठीमागे. तो धाकटा सांभाळतो. गिऱ्हाईक आलं की तो माझ्या टेबलाच्या कडेवर बोटाने दोनदा ठोकतो. माझी मनगटं टेबलावर टेकलेली असतात, लाकडातून कळतं. दोन म्हणजे गिऱ्हाईक, तीन म्हणजे फोन, एक म्हणजे नुसतं वळून बघ. मी वळतो, माणसाच्या तोंडाकडे बघतो, आणि माझं सुटलेलं धाकटा असं पुन्हा बोलतो, जणू स्वतःशीच उजळणी करतोय. दोन वर्षांत कोणाला शंका आलेली नाही. पंधरा वर्षांनी लहान आहे माझ्याहून. याच टेबलावर मी त्याला सोल्डर करायला शिकवलं. असा भाऊ सगळ्यांना मिळत नाही.

हे दुपारी दुकान बंद असताना लिहितोय. रोज हीच वेळ ठेवीन, नाही जमलं तर रात्री.

५ मार्च, बुधवार

दोन टकटक. वळलो तर नृत्याच्या बाई. पलीकडच्या रस्त्यावर, जिना चढून गेलं की त्यांचा नाचाचा वर्ग आहे. शेवटच्या रांगेतल्या मुलीलाही कळावं असं बोलायची सवय असल्यामुळे त्यांचा शब्दन् शब्द ओठांवर दिसतो. अख्ख्या बाजारात माझं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक.

त्यांच्या वर्गाचा २९ तारखेला कार्यक्रम आहे आणि त्यांना संगीताबरोबर लागणारे दिवे हवेत. "बाजारातले नकोत काका, ते आपल्याच तंद्रीत लुकलुकतात. ढोल वाजला की एक दिवा, बासरी वाजली की दुसरा, असं करता येईल का?" वादक समोर बसून वाजवणार आहेत. म्हणजे नुसती तार जोडून भागणार नाही, यंत्राला माईकने ऐकावं लागेल.

त्या गेल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, कशाला व्याप? दिव्यांची तयार पट्टी मिळते, ती देऊन टाकू."

मी म्हणालो, तयार पट्टी चिकटवायला कारागीर लागत नाही, गोंद लागतो.

मी हो का म्हणालो ते फक्त इथे लिहितो. बासरी मला दोन वर्षांत ऐकू आलेली नाही. दिसली तर निदान बघावी.

८ मार्च, शनिवार

झालं. अजून नुसती सर्किटची पाटी आहे, डबा केलेला नाही, पण चालतं.

शर्टाच्या बटणाएवढा माईक टेबलावरच स्क्रूने बसवला. त्यातून येणारा इवलासा आवाज आधी मोठा करायचा आणि मग तीन वाटांनी सोडायचा. खालचे, जड आवाज एका वाटेने, तिथे लाल दिवा. अगदी वरचे, बारीक आवाज दुसऱ्या वाटेने, तिथे हिरवा. मधले सगळे तिसऱ्या वाटेने, तिथे पिवळा. कोणत्या वाटेला कोणता कपॅसिटर हे गणिताने ठरतं, पण गणित झाल्यावरही हाताने चार बदलून बघावे लागतात. बारा व्होल्टचे दिवे घेतले, मुलींचा हात लागला तरी भीती नको.

धाकट्याला सांगितलं, बासरी आणि ढोल असलेलं काहीतरी लाव. त्याने टेप लावला. लाल दिवा ठोके घ्यायला लागला, तेवढे ठोके मला छातीत तसेही कळतात. मग हिरवा लागला. आधी थरथरला, मग लांब लागून राहिला, मग पायऱ्या उतरल्यासारखा तुटक तुटक खाली आला. ती बासरी होती. कोणती धून तेही मला कळलं.

मला रडू आलं. धाकट्याने खांद्यावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिला. बराच वेळ. त्याचेही डोळे भरले होते. रक्ताचं नातं ते रक्ताचं.

११ मार्च, मंगळवार

पिवळ्यात बिघाड आहे. टेप बंद, पंखा बंद, आणि पिवळा मधूनच लुकलुकतो. लाल आणि हिरवा गप्प. दुपारपर्यंत पाच वेळा झालं. दोनदा मी वळून धाकट्याला विचारलं, बाहेर काही वाजतंय का. दोन्ही वेळा काउंटरपाशी कोणीतरी उभं होतं. धाकटा म्हणाला, "काही नाही दादा, पत्ता विचारत होते."

हल्ली पत्ता विचारणारे फार झालेत. बाजारात एवढं हरवण्यासारखं काय आहे कोण जाणे.

१३ मार्च, गुरुवार

दोन दिवस पिवळ्याच्या मागे आहे. कपॅसिटर बदलला. ट्रान्झिस्टर बदलला. कच्चं सोल्डर असेल म्हणून सगळे सांधे पुन्हा तापवले. माईकच्या तारेला जाळीचं आवरण घातलं. ट्यूबलाइट बंद करून अंधारात बसलो. बिघाड जागच्या जागी. त्याला काही वेळापत्रकही नाही. सकाळी अकरानंतर जास्त, दुपारी बंद, संध्याकाळी पुन्हा. बिघाडालाही जेवणाची सुट्टी लागते वाटतं.

धाकट्याला दाखवलं. तो खूप वेळ दिव्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, पिवळा काढूनच टाक ना. लाल-हिरवा पुरे. नाचाला मधला काय करायचाय?"

असं कधी बोलत नाही तो. बिघाड काढून टाकायचा नसतो, शोधायचा असतो, हे मीच त्याला शिकवलं आहे. त्याला म्हटलं, माणसाचा गळा मधल्या वाटेत असतो. गाणारी गायली तर ती दिसायला नको का? तो काउंटरकडे परत गेला.

बाजार मंद आहे. आठवड्यात टेबलावर टकटक झाली असेल चार-पाचदा.

१७ मार्च, सोमवार

सापडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बिघाड धाकट्याचा मोबाईल आहे. आठवडाभर टिपून ठेवलं, तर तो काउंटरवर असताना पिवळा लागतो आणि तो बाहेर गेला की लागत नाही. शनिवारी तो आला नव्हता, पिवळा दिवसभर मेल्यासारखा. माणसाने तर दिवा लागणार नाही, म्हणजे त्याच्या खिशातलं काहीतरी. मोबाईलच्या लहरी माईकच्या तारेत शिरत असणार.

त्याला सांगितलं तर त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हो दादा, मोबाईलच असणार." लगेच खणात ठेवून दिला. दिवसभर एकदाही पिवळा लागला नाही. मी इतका खूश झालो की समोरून दोन चहा मागवले.

त्याचं सौजन्यही वाढलं आहे. आज प्रत्येक गिऱ्हाइकाला तो पार रस्त्यापर्यंत सोडायला गेला.

१९ मार्च, बुधवार

सकाळी घाईत डबा राहिला होता, तो घेऊन बायको आली. डबा माझ्यासमोर ठेवला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि काउंटरकडे गेली. धाकट्याचा मोबाईल खणात होता. मी स्वतः ठेवायला लावला होता.

पिवळा लागला. लागला, थांबला, लागला. थोडा जोराने, थोडा मंद. जोराचा एक, मंद दुसरा, असं आळीपाळीने. लहरींचा बिघाड असा आळीपाळीने होत नाही.

मी वळलो नाही. का वळलो नाही ते सांगता येणार नाही. नमद्याचा जाड लोकरी तुकडा घेतला, त्याची टोपी करून माईकवर दाबून बसवली. लहरी नमद्याला जुमानत नाहीत, त्या आरपार जातात. पिवळा विझला. टोपी काढली, पिवळा लागला. पुन्हा बसवली, विझला. चार वेळा केलं.

म्हणजे आवाज आहे. यंत्रात बिघाड नाही.

रस्त्यावरचा असेल.

२० मार्च, गुरुवार

जुन्या कॅलेंडरच्या कागदाची सुरळी केली आणि माईकवर बसवली, म्हणजे ज्या बाजूला तोंड करावं तिकडचंच ऐकेल. खिडकीकडे तोंड केलं: काही नाही. रस्त्याच्या दाराकडे: किरकोळ. काउंटरकडे: पिवळा भरून लागला.

दिवसभरात सात वेळा. धाकट्याने टेबलावर एकदाही ठोकलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

नऊ वेळा. टकटक नाही.

मी समोर बघत एकाच सांध्याला दहा वेळा सोल्डर लावत बसलो होतो. तो माझ्या पाठीशी लोकांशी बोलतो आणि मला सांगत नाही. काय बोलतो ते माहीत नाही. माझ्या वाढदिवसाची काही गंमत करत असतील, असंही मनात आणून बघितलं. माझा वाढदिवस नोव्हेंबरात असतो.

२२ मार्च, शनिवार

नृत्याच्या बाई दिवे बघायला आल्या. धाकटा सामान आणायला गेला होता, त्यामुळे मी काउंटरकडे तोंड करूनच बसलो होतो. त्यांनी टाळ्या वाजवून पाहिल्या, पाय आपटून पाहिला, गाऊन पाहिलं. लहान मुलीसारख्या हरखल्या.

मग म्हणाल्या, "तुमच्या भावाने फारच सुंदर केलेत दिवे."

मला वाटलं, ओठ वाचण्यात चूक झाली. पुन्हा सांगा म्हटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, तेच. आणि पुढे: "काका, तुम्ही आता विश्रांती घ्यायचं ठरवलंत ते बरं केलं. त्यांचं नवीन दुकान आमच्या जिन्याच्या खालीच होतंय, त्यामुळे आम्हाला तर सोयीचंच. एक तारखेपासून सगळं काम तिकडेच आणायचं ना? ते म्हणाले, इथे आता तुम्ही नुसते वेळ घालवायला येता."

त्यांचा काही दोष नाही. शब्दन् शब्द स्पष्ट उच्चारणं हा त्यांचा धर्म आहे. मी हसून मान हलवली. दिवे बांधून ठेवतो म्हणालो. त्या गेल्यावर मी स्टुलावर बसलो आणि हात मांडीवर ठेवले. टेबलावर ठेवायला नको वाटले.

पत्ता विचारणारे लोक. ते खरंच पत्ता विचारत होते. नव्या दुकानाचा.

केसाने गळा कापला. हे वाक्य मी शंभरदा ऐकलं आहे आणि बोललोही आहे, पण त्यातला केस किती बारीक असतो ते आज कळलं. कापताना आवाज होत नाही. झाला असता तरी मला थोडाच येणार होता.

२३ मार्च, रविवार

त्याला घरी बोलावलं. बायकोलाही बस म्हणालो. दोघांना खिडकीसमोर बसवलं, तोंडावर उजेड येईल असं.

नृत्याच्या बाई काय बोलल्या ते सांगितलं. नाकारलं नाही त्याने. जितकं कळलं तितकं लिहितो.

म्हणाला, "गेल्या वर्षभरात तू केलेले चार ॲम्प्लिफायर परत आले. शिट्टी येत होती त्यातून. बारीक शिट्टी. तुला ती ऐकू येत नव्हती. मी घरी नेऊन केले, तुला कळू दिलं नाही. पाचवा एका गिऱ्हाइकाने तुझ्यासमोरच आपटला असता, मी त्याच्या हातापाया पडून थांबवला."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तुला सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागतं, दादा. आणि हे काही ओरडून सांगण्यासारखं नव्हतं."

मग म्हणालो, कागद होता. पेन्सिल होती. दोन टकटक करून लिहून ठेवायचं.

तो शर्टाच्या बाहीचं बटण फिरवत राहिला. मी म्हणालो, बरं, ते राहू दे. माझे कान गेले म्हणून तू वेगळा झालास, समजलं. मला मुलं नाहीत, उद्या हे दुकान तसंही तुझंच होतं. पण दिवे तू केलेस, हे लोकांना सांगायला कोणाला ओरडावं लागलं होतं?

त्याने मान खाली घातली आणि मान खाली घालूनच काहीतरी बोलला. ओठ दिसले नाहीत. त्याला माहीत आहे की खाली मान घातली तर मला कळत नाही. गेली दोन वर्षं त्याच्याइतकं ते कोणालाच माहीत नाही.

तो गेल्यावर बायकोकडे वळलो. तुला कधीपासून ठाऊक?

"दुकानाचं दिवाळं निघायच्या आत हळूहळू काम कमी व्हावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मलाही पटलं. एकदम सांगितलं असतं तर तुम्ही खचला असता. मला वाटलं, हळूहळू होत गेलं तर तुमच्या लक्षातही यायचं नाही."

हळूहळू विझवायचं ठरलं होतं तर. दोघांनी मिळून. आणि मी इकडे वहीत लिहितोय की बाजार मंद आहे.

रागाने मी म्हणालो, पिवळा दिवा आळीपाळीने लागत होता, त्यातला जोराचा तू होतीस की तो? तिला काही कळलं नाही. ती रडायला लागली. मी तिची समजूत घातली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, हे खरं असलं तरी चावल्यावर रक्त येतंच.

२५ मार्च, मंगळवार

टेबलाखाली ठेवलेले पुठ्ठ्याचे जुने खोके काढले. चार ॲम्प्लिफायर खरंच परत आले होते. दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांवर धाकट्याचं अक्षर: "शिट्टी." नुसता एकच शब्द, चारही चिठ्ठ्यांवर. त्यातला एक अजून कोणी नेलेला नाही, तो उघडून बघितला. काम स्वच्छ केलं आहे. माझ्याहून स्वच्छ.

त्याने खोटं सांगितलं असतं तर सोपं झालं असतं.

२९ मार्च, शनिवार

कार्यक्रम दुपारी चारला होता. धाकटा येणार नाही असा निरोप आला. दिवे मी एकट्याने बसवले. माईक वादकांच्या पुढ्यात, दिवे पडद्याच्या वर, ओळीने बारा.

बाईंना सकाळीच सांगितलं होतं की दिवे मी केले आहेत आणि मला ऐकू येत नाही. दोन्ही वाक्यं एका दमात बोलून टाकली, नाहीतर दुसरं राहून गेलं असतं. त्या म्हणाल्या, "तरीच तुम्ही इतकं नीट बघता."

शेवटच्या रांगेत बसून मी संपूर्ण कार्यक्रम ऐकला. ऐकलाच म्हणतो. मध्येच एका मुलीचा पाय चुकला आणि ती सावरून पुन्हा ठोक्यावर आली, तेही दिव्यात दिसलं. आनंद झाला. आनंद झाला की बाजूला कोपराने ढोसायची सवय आहे मला. बाजूच्या खुर्चीत एक अनोळखी गृहस्थ होते. ते दचकले.

२ एप्रिल, बुधवार

धाकट्याचं दुकान काल सुरू झालं. आमचं दुकान, म्हणजे माझं, आज दिवसभर रिकामं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तसं झालं.

काउंटरवर पाटी लावली: "समोर उभं राहून, सावकाश बोलावं. दुकानदाराला ऐकू येत नाही. काम नीट होईल." बायकोने अक्षरं रंगवून दिली. तिच्याशी मी कामापुरतं बोलतो. रंगवताना ती म्हणाली, शेवटचं वाक्य आधी घ्या. नाही घेतलं.

स्वतःसाठी दुसरा दिव्यांचा संच केला आहे. टेबलावर, डोळ्यांसमोर. माईकही पहिल्यासारखाच टेबलातच स्क्रूने बसवला. कोणी मागून बोललं की पिवळा लागतो आणि मी वळतो. धाकट्याचं काम आता तो करतो, आणि काही लपवत नाही.

७ एप्रिल, सोमवार

दुपारची वेळ चुकली, दुकान उघडं ठेवूनच लिहितोय. एवढं लिहून टाकलं पाहिजे.

सकाळी साडेअकराला पिवळा लागला. वळणार होतो, तेवढ्यात खिडकीच्या काचेत पाठीमागचा शर्ट दिसला. धाकटा. त्याचा स्क्रू-ड्रायव्हरचा जुना संच इथेच राहिला होता, तो न्यायला आला असणार. संच काउंटरवरच ठेवला होता मी. नुसता उचलून जाता आलं असतं.

पण पिवळा लागलेलाच होता. तो बोलत होता. माझ्या पाठीशी उभा राहून, मला ऐकू येत नाही हे माहीत असून. पिवळा इतका वेळ लागलेला मी पहिल्यांदा पाहिला. मध्ये मध्ये तुटायचा, बराच वेळ विझलेला राहायचा, आणि पुन्हा लागायचा. शेवटी शेवटी अगदी मंद झाला होता.

मी वळलो नाही. वळायचं नाही असं ठरवलं आणि नाही वळलो. तो टेबलाजवळ आला तसे मी दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतले. मनात म्हटलं, आता ठोक.

हात उचलले होते, तरी लाल दिवा लागला. दोनदा.

दोन म्हणजे गिऱ्हाईक. दोन वर्षांची सवय, मान वळलीच. काउंटरपाशी एक आजी रेडिओ घेऊन उभ्या होत्या आणि दाराबाहेर धाकट्याची पाठ होती. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. मारली नाही.

आजींनी पाटी वाचली आणि माझ्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. रेडिओतून बारीक शिट्टी येते म्हणाल्या, डोकं उठतं. मी रेडिओ माईकजवळ ठेवून लावला. हिरवा लागला आणि लागूनच राहिला, टाचणीसारखा. वर्षभर मला चकवणारी शिट्टी ती हीच. एक कपॅसिटर सुकला होता. तो बदलला, हिरवा विझला. आजींनी कान लावून बघितलं आणि गेली म्हणाल्या.

रेडिओ पिशवीत घालताना त्या थांबल्या. माझ्यासमोर नीट उभं राहून, पाटीवर लिहिलंय तसं सावकाश म्हणाल्या, "मघाशी ते गृहस्थ तुमच्या पाठीमागे उभे राहून बोलत होते. मी सगळं ऐकलं. तुम्हाला काही कळलं नसेल. काय म्हणाले, सांगू का?"

मी म्हणालो, "रेडिओ पुन्हा बिघडला तर घेऊन या."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. राहायला कुठे, तेही विचारलं नाही मी.

त्या गेल्यापासून मी स्टुलावर बसून आहे. मी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा बिघडावी, असं सत्तावीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. आज वाटतंय.